तबकडी राहिली, वही गेली

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, "छंदांवर बोलणार? तेही समीक्षेच्या मालिकेत?" प्रश्न रास्त आहे. कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते. पण कुणी काड्यापेट्या जमवतो, कुणी आगगाड्यांची इंजिनं टिपत फिरतो, त्याची समीक्षा काय करायची? हौस आहे बिचाऱ्याची, असं म्हणून आपण पुढे जातो.

माझं म्हणणं असं, की छंदिष्ट माणूस दिवसभर जे करतो तेच समीक्षक करतो. हे ठेवायचं, ते टाकायचं. हे मोलाचं, ते फालतू. समीक्षकाला आपण लगेच जाब विचारतो, की बाबा रे, कशावरून? छंदिष्टाला विचारत नाही. आज तो जाब विचारायचा आहे. आणि त्यासाठी मी एकच छंद घेतलाय: ७८ फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या जमवणं. हा छंद घेण्याचं कारण जरा घरचं आहे. तिथूनच सुरुवात करतो.

माझे एक मामा सांगलीला होते. पोस्टात नोकरी. त्यांच्याकडे लाकडी खोक्यांतून साडेतीनशेच्या आसपास तबकड्या होत्या. 'कुत्राछाप' म्हणायचे ते, लेबलवरच्या एच.एम.व्ही.च्या कुत्र्यामुळे. आणि एक लांबट खतावणी होती, वाण्याकडे असते तसली. प्रत्येक तबकडीला त्यात एक ओळ. नंबर, गाणाऱ्याचं नाव, कुठे मिळाली, किती दिले, आणि शेवटच्या रकान्यात 'पंच्याहत्तरला बरी', 'शहात्तरला बरी' असं काहीतरी. त्या रकान्याचा अर्थ आम्हाला कधी कळला नाही. आम्ही विचारलाही नाही.

मामा गेल्यावर घर रिकामं करायला आम्ही भाचे जमलो. मुंबईहून एक व्यापारी आला, त्याने तबकड्या बघितल्या, बरे पैसे दिले आणि टेम्पो भरून घेऊन गेला. खतावणी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात रद्दीला गेली. ती त्या गठ्ठ्यात ठेवणारा मीच होतो. तबकड्यांना किंमत आहे हे मला माहीत होतं. वहीला आहे हे माहीत नव्हतं.

आजचं सगळं बोलणं म्हणजे त्या शेवटच्या रकान्याचा अर्थ मला कसा लागला त्याची गोष्ट आहे, असं समजा.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत विशीतली मंडळीही आहेत. ही तबकडी प्लास्टिकची नाही, लाखेची. बांगड्यांची असते तीच लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ही तबकडी दाबून काढायची. जगभरातल्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः भारतातून जायची. म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपीत कुणी गायलं, तरी ते आपल्याकडच्या झाडावरच्या राळेत कोरलं जाण्याचीच शक्यता जास्त. हातातून पडली की फुटते. एका बाजूला मावतात जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. तासभराचा ख्याल असो की रात्रभराचं कीर्तन, तीन मिनिटांत आटपा.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, हे तुम्ही वाचलं असेल. गाणं संपता संपता त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात. त्याचं कारण असं दिलं जातं, की तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं आहे हे कळायला हवं. बघा, पहिल्याच पिढीत काय झालंय! गाण्याबरोबर गाण्याची नोंद गेली पाहिजे हे गाणाऱ्यालाच सांगावं लागलंय, तेही गाण्याच्या आत. त्यांच्याजागी दुसरं कुणी ते लिहून ठेवील याचा भरवसा नव्हता.

आता या छंदावरचं एक पुस्तक. अमांडा पेत्रुसिच या अमेरिकन पत्रकार बाईंनी २०१४ मध्ये 'डू नॉट सेल ॲट एनी प्राइस' नावाचं पुस्तक लिहिलं. 'कुठल्याही किमतीला विकू नये' असा त्याचा अर्थ. अमेरिकेत ७८च्या तबकड्यांमागे वेडे झालेल्या लोकांची ही गोष्ट आहे. बहुतेक सगळे पुरुष, बहुतेक सगळे गोरे, आणि शोधतायत मुख्यतः १९२०-३०च्या काळात काळ्या गायकांनी गायलेले ब्लूज. पुस्तक झकास आहे. लेखिका त्या लोकांना हसत नाही. आपल्यालाही तो ताप चढला, हे ती प्रामाणिकपणे सांगते.

त्यातला एक प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. विस्कॉन्सिन राज्यात ग्राफ्टन नावाच्या गावी पॅरामाउंट कंपनीच्या तबकड्या छापल्या जायच्या. मूळ धंदा खुर्च्या बनवण्याचा. तबकड्या हा जोडधंदा, त्यामुळे माल हलका आणि आवाजात खरखर. मंदीत कंपनी बुडाली. दंतकथा अशी, की चिडलेल्या कामगारांनी उरलेला माल शेजारच्या मिलवॉकी नदीत फेकला. पेत्रुसिचबाई पाणबुडीचं शिक्षण घेतात आणि त्या नदीत उतरतात. तळाशी तबकडी मिळत नाही.

वाचायला मजा येते. पण मला विचाराल तर पुस्तकाची कमजोरीही इथेच आहे. छंदाचं नाट्य शिकारीत आहे, असं त्यांनी धरून चाललंय. कुठे सापडली, कशी सापडली, कितीला मिळाली. हीच या छंदाची जगभरातली गप्पांची भाषा आहे. टॉमी जॉन्सन नावाच्या गायकाची एक पॅरामाउंट तबकडी २०१३ मध्ये ईबेवर ३७,१०० डॉलरला गेली, कारण तिची तोवर माहीत असलेली प्रत एकच होती. अशा बातम्या छापून येतात. पण पन्नास वर्षं बसून कुणी नंबरांची यादी केली, याची बातमी होत नाही.

पुस्तकाचं बळ दुसऱ्या जागी आहे. आवड आणि इतिहास यांची गल्लत कशी होते, हे त्यात दिसतं. जेम्स मॅक्यून नावाचा एक गृहस्थ होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वाय.एम.सी.ए.च्या खोलीत राहायचा. संग्रह फार मोठा नाही, काही शे तबकड्या, पलंगाखालच्या खोक्यात. १९४४ साली त्याच्या हाती चार्ली पॅटनची एक जुनी तबकडी लागली आणि त्याचे कान फिरले. हेच खरं संगीत, बाकीचं बाजारू, असं तो मित्रांना सांगायला लागला, पत्रांतून लिहायला लागला. त्याच्याभोवती चार डोकी जमली. त्यांतल्या काहींनी पुढे जुन्या गाण्यांच्या नव्या रेकॉर्ड काढल्या. १९६० मध्ये ओरिजिन जॅझ लायब्ररी या छोट्या कंपनीची पहिली रेकॉर्ड चार्ली पॅटनची होती. त्या ऐकून पोरं गिटार शिकली. आज 'डेल्टा ब्लूज' म्हणून जगभर जे शिकवलं जातं, त्याची निवड बऱ्याच अंशी त्या खोलीतल्या पलंगाखाली झालेली आहे.

मेरीबेथ हॅमिल्टन यांनी 'इन सर्च ऑफ द ब्लूज' या पुस्तकात हे फार धारदारपणे मांडलंय. एलिजा वॉल्ड यांनी 'एस्केपिंग द डेल्टा' या २००४च्या पुस्तकात दुसऱ्या बाजूने मांडलंय. त्या काळात काळी माणसं प्रत्यक्ष काय विकत घेत होती? लेरॉय कार नावाचा पियानोवाला, मऊ आवाजाचा. त्याच्या तबकड्या धडाधड खपत होत्या. त्याच्याही आधी, १९२० पासून, ब्लूजच्या मोठ्या तारका बायका होत्या. मेमी स्मिथ, बेसी स्मिथ. संग्राहकांच्या गप्पांत मात्र हे सगळे मागच्या बाकावर.

का? तर जे खूप खपलं ते आजही खूप सापडतं. जे खूप सापडतं त्याला भाव नाही. ज्याला भाव नाही त्याबद्दल कोण बोलणार? उलट जी तबकडी त्या काळी कुणीच घेतली नाही, ती आज दुर्मिळ. दुर्मिळ म्हणून महाग. महाग म्हणून थोर. म्हणजे मूळ ऐकणाऱ्यांनी जे बाजूला सारलं, ते डोक्यावर बसलं, आणि त्यांनी ज्याच्यावर जीव टाकला ते पायरीवर. पॅटन थोर नव्हता असं मी म्हणत नाही. होताच. पण दुर्मिळपणा हा काही गुण नव्हे, आणि या छंदात तो गुणाच्या खुर्चीत बसतो. छंदिष्टाला विचारायचा पहिला जाब हा.

आपल्याकडे वेगळं आहे असं समजू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात कधी बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा. बालगंधर्वांची तबकडी हातात आली की विकणारा आणि घेणारा दोघंही जरा आवाज खाली आणतात. नाट्यपदं, ख्याल, बोलपट यांना मान. पोवाडा, लावणी, वग, विनोदी संवाद यांच्या तबकड्या घासाघीस करायच्याही लायकीच्या धरल्या जात नाहीत. पुढच्या पन्नास वर्षांत आपल्या जुन्या आवाजाचं चित्र याच निवडीतून तयार होणार. 'मराठी माणूस काय ऐकायचा' या प्रश्नाचं उत्तर 'मराठी संग्राहकाला काय आवडायचं' या उत्तरातून दिलं जाणार.

आणि जे मुळात तबकडीवर आलंच नाही, त्याचं काय करायचं? भास्करबुवा बखल्यांचा आवाज आपल्याकडे नाही. अल्लादिया खाँसाहेबांचा नाही. तबकड्यांच्या ढिगाऱ्यावर बसून संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याने ही दोन नावं रोज सकाळी आठवावीत. आपला ढीग म्हणजे संगीत नव्हे, संगीतातलं जे उरलं तेवढंच, हे त्याने भान कायम राहील.

आता दुसरा जाब. तो जास्त अवघड आहे.

१९३० मध्ये पॅरामाउंटसाठी दोन बायकांनी 'लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज' नावाचं गाणं मुद्रित केलं. लेबलवर नावं गीशी वायली आणि एल्व्ही थॉमस. त्या तबकडीच्या हातावर मोजण्याइतक्या प्रती उरल्यात. अंगावर काटा आणणारं गाणं आहे, घरी जाऊन जरूर ऐका. या बायका कोण, कुठल्या, काहीच माहीत नव्हतं. दशकानुदशकं संग्राहक तर्क लढवत राहिले.

आणि गंमत अशी, की एका माणसाला माहीत होतं. ह्यूस्टनमधले संशोधक मॅक मॅकॉर्मिक यांनी १९६१ मध्येच थॉमसबाईंना शोधून त्यांच्याशी बोलून घेतलं होतं. टिपणं त्यांच्या प्रचंड खाजगी दप्तरात होती. त्या दप्तराला ते स्वतःच 'राक्षस' म्हणायचे. त्यांना आजार होता, मनाचे चढउतार होते, आणि काम पुरं होईना. थॉमसबाई १९७९ मध्ये वारल्या. जगाला कळलं २०१४ मध्ये, जॉन जेरेमाया सलिव्हन यांनी न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये लिहिल्यावर. आणि तेही कसं? सलिव्हन यांच्या एका तरुण मदतनीस मुलीने मॅकॉर्मिक यांच्या घरी काम करताना त्या टिपणांचे फोटो घेतले होते, त्यांना न विचारता. त्यावरून मोठा वाद झाला.

हा वाद मी बऱ्याचदा मनात घोळवलाय. न विचारता घेतलं, हे चूकच. आजारी म्हाताऱ्याच्या घरात शिरून घेतलं, हे आणखी वाईट. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे? एक बाई ह्यूस्टनमध्ये अठरा वर्षं जिवंत होती. जगात काही माणसं तिचा आवाज ऐकून हळहळत होती. तिचा पत्ता एका पेटीत बंद होता. तिला कुणी जाऊन सांगितलं असतं की बाई, तुमचं गाणं ऐकतात लोक? त्या बाईचं देणं कुणी चुकवायचं?

उलटंही घडलेलं आहे, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. मिसिसिपी जॉन हर्ट हा १९२८ साली मुद्रित झालेला गायक. एका छंदिष्टाने त्याच्या गाण्यातला ॲव्हलॉन गावाचा उल्लेख ऐकला, नकाशात गाव शोधलं, आणि १९६३ मध्ये थेट तिथे जाऊन पोचला. हर्ट तिथेच शेती करत होता! त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोकांपुढे गायला. १९६६ मध्ये गेला. आयुष्याची शेवटची तीन वर्षं का होईना, त्याला त्याचे ऐकणारे भेटले. कोणतं विद्यापीठ, कोणतं सरकारी खातं हे करायला गेलं नव्हतं. छंदिष्टाचा कान गेला.

म्हणजे तोच छंद, तीच तडफ. एका ठिकाणी ती पेटीला कुलूप लावते, दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या दारात जाऊन उभी राहते. फरक स्वभावाचा आहे का? थोडा असेल. मला वाटतं, तो समजुतीचा जास्त आहे. 'हे माझं आहे' आणि 'हे माझ्याकडे आहे', या दोन वाक्यांत जो फरक आहे तो.

आपल्याकडे या दुसऱ्या समजुतीची माणसं आहेत, आणि त्यांचं नाव आपण पुरेसं घेत नाही. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकर तिचे मानद सचिव. या मंडळींनी 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक चालवलं. त्यात याद्या, आठवणी, कंपन्यांचे इतिहास. ते अंक आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात कुणीही फुकट वाचू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची यादी केली. पॉप्युलर प्रकाशनाने १९९४ मध्ये ती छापली. ते पुस्तक म्हणजे नुसते आकडे आणि नावं. कादंबरीसारखं वाचायला जाल तर दोन पानांत झोप येईल. पण कुठल्याही जुन्या आवाजाबद्दल जबाबदारीने एक वाक्य लिहायचं असेल, तर तिथे जावं लागतं. माझ्या मते या छंदातली अभिजात कृती कुठली असेल, तर ती ही यादी आहे. महागडी तबकडी नव्हे.

हं, आता आपल्या काळात येऊ. गेल्या पंधरावीस वर्षांत हा छंद खोक्यातून बाहेर पडला आणि इंटरनेटवर आला. लोक आपल्या तबकड्या वाजवून यूट्यूबवर टाकतात. फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर मंडळं आहेत. नागपूरचा माणूस लेबलचा फोटो टाकतो, न्यू जर्सीतली बाई सांगते की हे माझ्या आजीच्या घरी होतं. जे ऐकायला पूर्वी कुणाच्या तरी दिवाणखान्यात ओळखीने शिरावं लागायचं, ते आज रिक्षात बसून ऐकता येतं. मी या मंडळांचा ऋणी आहे, रोजचा ऐकणारा आहे. म्हणून जे खटकतं ते बोलायचा मला हक्क आहे.

कुलूप उघडलं, पण लेबल हरवलं. शंभरातली किती गाणी तबकडीच्या नंबरासकट टाकलेली असतात, तुम्हीच बघा. 'दुर्मिळ नाट्यगीत, जरूर ऐका' एवढंच. साल अंदाजाने. साथीदार कोण, माहीत नाही. गाणाऱ्याचा फोटो दुसऱ्याच कुणाचा. मग कुणी तेच गाणं उतरवून घेऊन आपल्या चॅनलवर टाकतो, चुकीसकट. दहा ठिकाणी तीच चूक दिसली की ती खरी ठरते. काही मंडळी चोरी होऊ नये म्हणून गाण्याच्या ऐन मध्यात आपल्या चॅनलचं नाव बोलून ठेवतात. म्हणजे गौहर जान यांनी शेवटी आपलं नाव सांगितलं, आणि आता आपण मधेच आपलं सांगतोय. (हशा) हसू नका, दोन्हींत फार फरक आहे. त्यांचं नाव गाण्याची ओळख होती. आपलं नाव मालकीची पाटी आहे.

आणि खरखर काढण्याची हौस! सॉफ्टवेअर मिळालंय, एक बटण दाबलं की सगळं स्वच्छ. पण खरखरीबरोबर तंबोऱ्याचा झंकार जातो, सारंगीची धार जाते, गाणाऱ्याचा श्वास जातो. उरतो तो बादलीत तोंड घालून गायल्यासारखा आवाज.

आता मामांच्या शेवटच्या रकान्याकडे येतो. ७८ हा आकडा पुढे ठरला. सुरुवातीच्या काळात प्रत्येक तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांनीच कोरली जात होती असं नाही. कुठली ७२, कुठली ७५, कुठली ८०. यंत्रावर, ठिकाणावर, त्या दिवशीच्या माणसावर अवलंबून. आता ७४ला कोरलेली तबकडी ७८ला वाजवली तर काय होतं? स्वर जवळजवळ एक पट्टी चढतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनच्या जवळ ऐकू येतो. लय चढते. तान आहे त्याहून वेगवान वाटते. आवाज कोवळा, पातळ होतो. आणि मग आपण लेख लिहितो, की काय ती दाणेदार तान, काय तो बायकी नाजूकपणा! अहो, तो नाजूकपणा मोटरचा आहे.

मामा पेटी घेऊन बसायचे, हे मला आठवतं. आम्हाला वाटायचं, साथ करतायत. ते पट्टी जुळवत होते. प्रत्येक तबकडी कुठल्या वेगाला तिच्या मूळ आवाजात येते, हे कानाने ठरवून लिहीत होते. 'पंच्याहत्तरला बरी' म्हणजे हे. साडेतीनशे तबकड्यांचं काम, पोस्टातून आल्यावर, रात्रीचं. त्या व्यापाऱ्याने पुढे त्या विकल्या असतील. त्यातल्या काही आज यूट्यूबवरही असतील, ७८ला वाजणाऱ्या. कोण जाणे, मी ऐकल्याही असतील.

हे नीट करता येतं, याचा दाखला देतो. अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्हने २०१७ मध्ये 'ग्रेट ७८ प्रोजेक्ट' जाहीर केला. खाजगी संग्राहकांनी, ग्रंथालयांनी दिलेल्या तबकड्या डिजिटल करायच्या. तिथे एका तबकडीवर एकाच वेळी चार सुया चालवतात, चार वेगळ्या जाडीच्या. का, तर कुठल्या जाडीची सुई त्या खाचेत नीट बसेल, हे आधी सांगता येत नाही. चारही आवाज ठेवतात. खरखर असलेलाच आवाज ठेवतात. लेबलचा फोटो लावतात. ऐकणाऱ्याने हवं ते निवडावं. मला ही नम्रता फार मोलाची वाटते. 'मला जे कळलं तेच अंतिम' असं न म्हणता पुढच्याच्या कानासाठी जागा ठेवणं.

त्यांच्यावर २०२३ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी खटला भरला आणि २०२५ मध्ये तो आपसांत मिटला. कंपन्यांचा हक्क असतो, मी नाकारत नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे ७८च्या बहुतेक तबकड्यांचा मुद्रणहक्क आता संपलाय, शब्दांचा आणि चालीचा मात्र वेगळा मोजावा लागतो. पण ज्या काळात कंपन्यांनी आपलेच मूळ साचे सांभाळले नाहीत, त्या काळात पोस्टातल्या कारकुनांनी आणि शाळामास्तरांनी त्या तबकड्या खोक्यात कापड घालून ठेवल्या, हेही न्यायाच्या पारड्यात घालायला हवं.

कुणी म्हणेल, तुम्ही छंदाचा हिशेबनीस करताय. नंबर लिहा, वेग लिहा, साल लिहा. मग आनंद कुठे राहिला? टेरी झ्विगॉफ यांचा 'घोस्ट वर्ल्ड' हा २००१चा चित्रपट बघा. त्यात सीमोर नावाचा एकटा, चिडका तबकडीवाला आहे. झ्विगॉफ स्वतःच या छंदातले, त्यामुळे खिल्ली आतून उडवलेली आहे. पण एक जागा खिल्लीची नाही. सीमोरकडून घेतलेल्या रेकॉर्डवर नायिका घरी जाऊन स्किप जेम्सचं एक गाणं ऐकते, आणि सुई उचलून पुन्हा ऐकते, पुन्हा ऐकते. त्या पोरीला नंबराशी काही देणंघेणं नाही. हा आनंद पहिला. मान्य. तोच नसेल तर बाकी सगळं कारकुनी.

पण ते गाणं तिच्यापर्यंत पोचलं कसं? कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचं संगीत पाठवायचं ठरलं, तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाने केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली. नेमकी कुठली, हे तो सांगू शकला. मग ॲन ड्रुयन यांनी ती न्यूयॉर्कमध्ये शोधशोध शोधली, आणि शेवटी लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका भारतीयाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात मिळाली. गोव्याच्या केरी गावातल्या बाईंचा आवाज आज सूर्यमालेच्या बाहेर चाललाय. आपण खोकं पाहतो आणि नशीब म्हणतो. पण खोक्यात काय शोधायचं हे कुणालातरी माहीत होतं, म्हणून तर ते नशीब उघडलं.

तेव्हा माझा निकष साधा आहे. संग्रह किती मोठा, किती महाग, हे मी विचारणार नाही. संग्राहक उद्या नसला तर त्याच्या माहितीतलं किती जगात राहील, हे विचारीन. या निकषावर मॅक्यूनचा कान थोर ठरतो, पण त्याची निवड तपासून घ्यावी लागते. मॅकॉर्मिक यांचं कष्टाचं काम मोठं, पण अर्धं. किनियर यांची कंटाळवाणी यादी पहिल्या रांगेत. आणि यूट्यूबवर रोज एक 'दुर्मिळ' गाणं टाकणाऱ्या आपल्या मित्रांना हात जोडून एवढंच म्हणीन, की खाली दोन ओळी लिहा. तबकडीचा नंबर, आणि किती वेगाला वाजवली. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं खोकं असेल. आजोबांचं, काकांचं. तबकड्यांचंच असं नाही. नाण्यांचं असेल, काड्यापेट्यांचं असेल, पक्ष्यांच्या टिपणांचं असेल. ते माणूस अजून बोलतं असेल, तर या रविवारी जाऊन बसा आणि शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय ते विचारून घ्या. मी विचारलं नाही.